टेबलावरचे ‘राजकारण’ आणि ‘किंगमेकिंग’

प्रश्न असा आहे की, चौघांनी मिळून खेळायच्या ट्रेडिंग कार्डच्या खेळांत खेळाडूंच्या आपसांतल्या बोलण्यांना आणि तात्पुरत्या जुळवाजुळवीला ‘टेबल पॉलिटिक्स’ म्हणतात, त्याला मराठीत ‘राजकारण’ म्हणणे फार भारदस्त होते का. त्याऐवजी ‘साटेलोटे’ किंवा ‘संगनमत’ चालेल का. आणि ‘किंगमेकिंग’ला, म्हणजे स्वतः हरत असताना उरलेल्यांपैकी कोण जिंकणार हे ठरवण्याला, काय म्हणावे?

माझे मत ‘राजकारणा’च्या बाजूने आहे. हा शब्द आज आपल्याला सत्ता आणि निवडणुकांची आठवण करून देतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. पण मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो वाटाघाट, आतून बांधलेले संधान, समोरच्याच्या गोटातला माणूस आपल्याकडे वळवण्याची खटपट अशा अर्थांनीही येतो. टेबलावर नेमके हेच चालते. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या अशाच पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात प्रत्येक जण 100 पत्त्यांचा डेक (स्वतःचा पत्त्यांचा संच) आणि 40 लाइफ (जीवनगुण) घेऊन बसतो, आणि एकट्याची ताकद तिघांना सहसा पुरत नाही. मग “या फेरीत तू माझ्यावर चालून येऊ नकोस, मी त्याचा ड्रॅगन काढतो” अशी बोलणी सुरू होतात. असा शब्द पाळायला नियम कोणालाही बांधत नाहीत, त्यामुळे ‘तह’ किंवा ‘करार’ हे शब्द इथे जड होतात.

‘साटेलोटे’ मूळचे सोयरिकीतल्या देवघेवीचे. त्यात परतफेड गृहीत असते आणि ती टिकाऊ असते. टेबलावरची मैत्री पुढच्या फेरीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. ‘संगनमता’त तर आधीच ठरवून केलेल्या लबाडीचा वास आहे. तो शब्द राखून ठेवावा, कारण स्पर्धांमध्ये त्याची खरी गरज पडते : बक्षिसातला वाटा देऊ करून प्रतिस्पर्ध्याला सामना सोडायला लावणे मॅजिकच्या स्पर्धा-नियमांत लाचखोरी ठरते. उघड टेबलावर, चौघांच्या देखत केलेली बोलणी त्या जातीची नव्हेत.

राजकारणाचा सर्वांत मुरलेला प्रकार बोलण्यात नसून गप्प राहण्यात असतो. समजा, एकाने सामना जिंकून देणारा पत्ता टाकला. त्याला अडवण्याची संधी उरलेल्या तिघांना बसण्याच्या क्रमाने मिळते. पहिल्याच्या हातात काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचा पत्ता निष्फळ करणारा पत्ता, आहे, पण शेवटच्याकडेही तो असणार असा त्याचा अंदाज आहे. म्हणून तो नुसते “पास” म्हणतो, दुसराही तेच म्हणतो, आणि शेवटच्याला आपला मौल्यवान पत्ता खर्चावा लागतो, नाहीतर चालू डाव तिथेच संपतो. याला नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. आपण रोज म्हणतो तसे, पहिल्याने ते काम शेवटच्याच्या ‘गळ्यात मारले’.

‘किंगमेकिंग’चा पेच मात्र खरा आहे. ‘किंगमेकर’ हा शब्द मराठी बातम्यांत रुळला आहे, पण तिथे त्याला वजन आहे. तो कोणाला तरी गादीवर बसवतो आणि स्वतःही काहीतरी पदरात पाडून घेतो. टेबलावरचा किंगमेकर हरलेलाच असतो, त्याला मिळत काहीच नाही, फक्त उरलेल्यांपैकी कोण जिंकणार हे त्याच्या हातात असते. त्याने ते रागाने केले, तर ‘पाडणे’ हे क्रियापद चपखल बसते : ‘स्वतः येत नव्हता, पण त्याला पाडले’. राग नसताना, नुसत्या बेफिकिरीने केले, तर ‘सामना आयता दिला’ एवढे पुरे.

‘राजा करणे’ किंवा ‘राज्य देणे’ असे शब्दशः भाषांतर मात्र टाळावे. मराठीत लपंडाव खेळलेल्या कोणालाही विचारा, ‘राज्य येणे’ म्हणजे संकट. गंमत अशी की 2016 मध्ये मॅजिकमध्ये आलेल्या ‘मोनार्क’ (राजा) या नियमाला हाच वाक्प्रचार शोभतो. मोनार्क झालेल्याला आपल्या प्रत्येक फेरीच्या शेवटी एक जादा पत्ता मिळतो खरा, पण ज्याचा प्राणी (प्राण्याचा पत्ता) लढाईत त्याला इजा करील तो नवा मोनार्क होतो, त्यामुळे सगळ्यांचे हल्ले त्याच्याकडे वळतात. राज्य त्याच्यावर येते ते दोन्ही अर्थांनी.

जाता जाता क्रियापदाविषयी. मराठीत राजकारण ‘करतात’; ‘राजकारण खेळणे’ इंग्रजीवरून आले म्हणून मी ते एरवी खोडतो. या एका टेबलापुरते ते राहू द्यायला माझी हरकत नाही.