नवऱ्याचा जॉब गेलाय, त्याला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नका

डॅलसहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, नाव देत नाही. नवऱ्याचा लेऑफ झाला, एच-1बी म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीला बांधलेला व्हिसा आहे, नवा जॉब शोधायला मिळणाऱ्या 60 पैकी 22 दिवस गेले, दोन इंटरव्ह्यू झाले आणि दोन्हीकडे गाडी ‘आधीचा जॉब का सुटला’ या प्रश्नावर अडली. पुण्याहून हिची आई रोज फोनवर सांगते की त्याला पॉझिटिव्ह राहायला सांग, देवाने एवढं दिलंय त्याचे आभार माना, आणि हे कानावर पडलं की तो ताटावरून उठतो. साताऱ्याला सासू-सासऱ्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

अगं, उठतो ते बरोबरच आहे त्याचं. जॉब गेलेल्या माणसाला देवाचे आभार मान म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला दुसरा शाबूत आहे ना म्हणण्यासारखं.

आधी व्हिसाचं बघा, कारण डोक्यात तारीख टिकटिक करत असताना कसली कृतज्ञता. ते 60 दिवस साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्यानंतर मोजतात, सेव्हरन्स, म्हणजे काढताना कंपनी देते ते पैसे, मिळतोय म्हणून वाढत नाहीत, आणि आय-94, म्हणजे देशात राहायच्या परवानगीची तारीख, त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. पण नवीन कंपनीने त्या मुदतीत त्याच्यासाठी एच-1बीचं पिटिशन, म्हणजे अर्ज, फाइल केलं तर अप्रूव्हलची वाट न बघता काम सुरू करता येतं. तुझा स्वतःचा एच-1बी असेल तर त्याला एच-4, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करायचा रस्ताही आहे. या आठवड्यातच वकिलाशी बोला.

आता इंटरव्ह्यू. तिथे गेलेल्या जॉबबद्दल कृतज्ञतेने बोलता यायला हवं, पण आपल्याकडे आभार म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटचं आभारप्रदर्शन, जे सुरू झालं की लोक चपला शोधायला उठतात. घरात आईला थँक्यू म्हटलं तर ती कपाळाला हात लावून बघते ताप आहे का ते. आणि सगळं छान चाललंय म्हणायचीही भीती, दृष्ट लागेल, म्हणून कुणी विचारलं की ‘चाललंय आपलं’. असं वाढलेला माणूस अमेरिकेत इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा एकतर ‘चाललंय आपलं’ छाप उत्तर देतो नाहीतर मनात साठलेलं सगळं ओततो. मी स्वतः एकदा आधीच्या मॅनेजरने माझं क्रेडिट कसं खाल्लं हे दहा मिनिटं ऐकवलं होतं, शब्दन् शब्द खरा होता, समोरची बाई मान हलवत होती, मला वाटलं पटतंय तिला. पटलंही असेल, जॉब मात्र नाही मिळाला.

म्हणून त्याला एक वही दे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा अभ्यास आहे, त्यात एका गटाने आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटण्याजोग्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी, असं दहा आठवडे चाललं आणि पहिला गट जास्त समाधानी निघाला, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा व्यायामही जास्त करत होता. तर रोज नको, रविवारी पाच ओळी, पण ‘कुटुंब, आरोग्य’ असलं मोघम चालणार नाही, त्या गेलेल्या जॉबबद्दलच लिहायचं, कुणी काय शिकवलं, कुठल्या रात्री कोण मदतीला थांबलं. चिडचिड होणारच, तिलाही वेळ ठरवून द्या, पोरं झोपली की अर्धा तास, तू फक्त ऐक, सल्ला नको.

त्या ओळींतूनच उत्तर निघतं: ‘माझी पोझिशन गेली. तिथे जुनी सिस्टिम क्लाउडवर न्यायचं काम माझ्याकडे होतं, एका सीनियरने डेटाबेसची बाजू नीट शिकवली, आता तेच मोठ्या स्केलवर करायचंय.’ एवढंच, मॅनेजरचं नाव नको. लेऑफची इथे लाज वाटायचं कारण नाही, समोरचाही बहुतेक त्यातून गेलेला असतो. फक्त त्याला एक सांग, आपली माणसं टीमचे आभार मानता मानता स्वतःच गायब होतात, ‘आम्ही केलं, आम्ही केलं’, मग समोरच्याला कळतच नाही की तू काय केलंस. मदत कुणाची झाली ते सांग, पण काम ‘मी केलं’ असं म्हण, याला बढाई म्हणत नाहीत. घरी मराठीत नाही, इंग्लिशमध्ये मोठ्याने प्रॅक्टिस करू दे, लाजत असेल तर गाडीत.

इंटरव्ह्यू झाला की 24 तासांत थँक्यू मेल, चार ओळींचा, त्या माणसाने बोलण्यात जे सांगितलं त्यातली एक गोष्ट धरून. सगळ्यांना कॉपी-पेस्ट नको, ते एकमेकांत बोलतात.

आणि साताऱ्याला सांगून टाका, येत्या व्हिडिओ कॉललाच, तू नाही, त्यानेच सांगायचं. सासरे दोन मिनिटं गप्प बसतील आणि मग विचारतील पैसे पाठवू का. रुपयाचे डॉलर किती होतात याचा हिशोब तेव्हा त्यांना सांगत बसू नका.