वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी दुरुस्त करावी की बदलावी?

खानापूर, निपाणी आणि बेळगाव येथून आलेली तीन पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातला हिशेब अनेकांना आपल्या गाडीसाठी मांडून पाहता येईल.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहतो आणि बेळगावात शिक्षक आहे. २०१३ साली नवी घेतलेली माझी डिझेल सेडान आता २,१८,००० किलोमीटर चालली आहे. महिन्याला साधारण १,३०० किलोमीटर प्रवास होतो, शिवाय अधूनमधून कुटुंबासह चोर्ला घाटाने गोव्याला जाणे असते. क्लच जड झाला आहे, खड्ड्यातून जाताना पुढच्या बाजूने आवाज येतो आणि सकाळी गाडी चटकन चालू होत नाही. क्लच सेट, चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पुढच्या चाकांना आधार देणारे लोअर आर्म, इंजेक्टर आणि चार टायर मिळून ७८,००० रुपयांचा अंदाज गॅरेजने दिला आहे. जुन्या गाड्यांचा व्यापारी गाडीचे १,६०,००० रुपये देतो. किमतीच्या निम्मा पैसा दुरुस्तीत घालू नये, असे घरच्यांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : घरच्यांचे म्हणणे ऐकायला पटते, पण त्यात तुलनाच चुकीच्या दोन रकमांची आहे. व्यापारी जे १,६०,००० रुपये देतो, ती तुम्ही गाडी सोडून दिलीत तर हाती येणारी रक्कम आहे. उद्या सकाळी शाळेत कसे पोहोचायचे, हा प्रश्न त्या रकमेने सुटत नाही. म्हणून दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी न करता, तिच्या जागी जी गाडी आणाल तिच्या खर्चाशी करावी.

समजा नवी गाडी सर्व खर्चासह ९ लाखांना पडली. जुनीचे १,६०,००० आणि पदरचे ४०,००० भरून उरलेल्या ७ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्के व्याजाने घेतले, तर दरमहा सुमारे १४,५०० रुपयांचा हप्ता बसतो आणि पाच वर्षांत व्याजापोटीच १,७०,००० रुपयांहून अधिक जातात. आता जुनीचा हिशेब पाहा. ७८,००० रुपये केवळ दोन वर्षांवर वाटले तर महिन्याला ३,२५० रुपये होतात. सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामांसाठी आणखी २,००० आणि दोन वर्षांत गाडीची किंमत उतरेल तिच्यापोटी २,००० धरले, तरी बेरीज ७,२५० होते, म्हणजे हप्त्याच्या निम्मी. नवी गाडी ही निदान मालमत्ता असते, असे कोणी म्हणेल. पण विम्यासाठी गाडीची किंमत ठरवण्याचा जो तक्ता आहे, त्यात दोन वर्षे उलटताच किमतीतून ३० टक्के वजा होतात, हेही लक्षात असू द्यावे.

हा हिशेब मात्र एका अटीवर उभा आहे : पैसे घातल्यानंतर गाडी दोन वर्षे विश्वासाने चालली पाहिजे. तेव्हा गॅरेजला होकार देण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी, एक इंजिनाची आणि दुसरी पत्र्याची. किलोमीटरच्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. वेळेवर ऑईल बदललेले डिझेल इंजिन दोन लाखांनंतरही उत्तम चालते आणि हयगय झालेले इंजिन लाखाच्या आत मोडकळीला येते.

तुमच्या अंदाजपत्रकातील क्लच, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लोअर आर्म आणि टायर हे झिजणारेच भाग आहेत. ते झिजले म्हणून गाडी संपली असे होत नाही, आणि नवी गाडी घेतली तरी काही वर्षांनी हाच खर्च पुन्हा येणार असतो. मला खटकतात ते इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग. सकाळी गाडी उशिरा चालू होण्याचे कारण उतरलेली बॅटरी किंवा जळालेला हीटर प्लगही (थंड इंजिनाला सुरुवातीला उष्णता देणारा भाग) असू शकतो आणि ही दोन्ही कामे इंजेक्टरच्या मानाने पुष्कळच स्वस्त आहेत. ती तपासून झाल्यावर मिस्त्रींना इंजेक्टरची परतीची चाचणी करायला सांगावे. चारही इंजेक्टरच्या, न वापरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमते, तो इंजेक्टर सदोष. ही चाचणी तुमच्यासमोर व्हावी, असा आग्रह धरण्यात काहीच गैर नाही. एकच इंजेक्टर सदोष निघाला, तर चारही बदलण्याचा खर्च वाचतो.

त्याच वेळी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्यावे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर चिंता नको. एखादाच फार खाली असेल तर इंजिन खोलावे लागण्याची शक्यता असते. चालू इंजिनावरचे ऑईल भरण्याचे झाकण काढल्यावर तिथून जोराने धूर उसळतो का, पातळी मोजण्याच्या पट्टीवरचे ऑईल दर हजार किलोमीटरला किती कमी होते, पाठीमागून निळसर धूर येतो का, हे तुम्हाला स्वतःलाही पाहता येईल. हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल खाणाऱ्या इंजिनावर नवा क्लच चढवणे मला मान्य नाही.

तरीही इंजिनाचे दुखणे आपल्या भागात असाध्य नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड घासण्यापासून सिलिंडर बोअर करण्यापर्यंतची कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पत्र्याचे तसे नाही. खानापूर तालुक्याचा पाऊस आणि तांबडा चिखल यांचा गाडीच्या पोटावर काय परिणाम होतो, हे रॅम्पवर चढवलेली गाडी खालून पाहिल्याशिवाय कळत नाही. चाकांच्या कमानींच्या आत प्लास्टिकच्या अस्तरामागे हा चिखल बसतो, पावसाळा संपला तरी आतून ओलाच राहतो आणि पत्रा तिथून सडू लागतो. वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून स्क्रू-ड्रायव्हरची बोथट बाजू घेऊन दारांखालचा पट्टा, जॅक लावण्याच्या जागा आणि बॉनेटखाली पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिथे वरून बसवलेले असतात ती जागा दाबून व ठोकून पाहावी. टणक आवाज आला तर ठीक. भरीव न वाटता भुसभुशीत लागले, रंगाचे पापुद्रे सुटले किंवा पत्रा आत दबला, तर तो भाग गेला असे समजावे. दाराच्या किंवा डिकीच्या पत्र्याला गंज असेल तर डेंटिंग-पेंटिंगने भागते. गाडीचा भार पेलणारा पत्रा सडला असेल तर मात्र एक रुपयाही न घालता गाडी काढून टाकावी, मग इंजिन कितीही गोड चालत असो.

एक गोष्ट पैशांच्या हिशेबात बसत नाही, पण तुम्ही घाटाने कुटुंबासह जाता म्हणून ती सांगितलीच पाहिजे. आपल्या देशात सर्व नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग २०२२ च्या सुरुवातीपासून. २०१३ च्या अनेक गाड्यांच्या खालच्या श्रेणीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या आणि नंतर त्या व्यवस्थित बसवून घेता येत नाहीत. तुमच्या गाडीत त्या नसतील, तर गाडी बदलण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार कारण मला हेच वाटते. क्लच आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यापुढे काहीच नाहीत. अशा वेळी नवीऐवजी २०२२ नंतरची चांगली सेकंडहँड गाडी पाहिली, तर कर्जाचा बोजाही बराच हलका होईल. मात्र एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाल्यापासून लहान डिझेल गाड्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या आहेत, त्यामुळे बदली गाडी बहुधा पेट्रोलची किंवा सीएनजीची असेल, हे धरून चालावे.

एबीएस आणि एअरबॅग असतील, पत्रा टणक असेल आणि कॉम्प्रेशन ठीक असेल, तर माझा सल्ला गाडी दुरुस्त करण्याचा आहे. पण सगळे काम एकदम काढू नये. आधी टायर, लोअर आर्म आणि पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर करावेत, सोबत ब्रेकही पाहून घ्यावेत. त्यानंतर क्लच, त्यात प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलावे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत नसतील तर ते राहू द्यावेत. गाडीची नोंदणी २०२८ पर्यंत आहे. तोपर्यंत वसूल होणार नाही असा मोठा खर्च, उदाहरणार्थ पूर्ण गाडीचा रंग, करू नये, आणि हप्त्यातून वाचणाऱ्या रकमेतले दरमहा ५,००० रुपये तरी पुढच्या गाडीसाठी बाजूला टाकावेत.

प्रश्न : आम्ही निपाणीत राहतो. आमच्या जुन्या गाडीचे इंजिन काम काढण्याच्या अवस्थेत आहे. कोल्हापूरचे मेहुणे त्यांची सहा वर्षांची एमएच-०९ पासिंगची गाडी बाजारभावापेक्षा ७०,००० रुपये कमी घेऊन द्यायला तयार आहेत. दुरुस्तीपेक्षा हे बरे नाही का?

उत्तर : गाडी घरातली आणि माहितीतली आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. फक्त ७०,००० रुपये वाचले असे आताच समजू नका. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिची इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि गाडीची किंमत व वय पाहून कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी कागदपत्रांचा पाठपुरावा स्वतः करावा लागतो. नातेवाईकाच्या नावावरच गाडी ठेवून वर्षानुवर्षे इकडे फिरवणारी माणसे सीमाभागात पुष्कळ आहेत. हा मार्ग मी सुचवणार नाही. अपघात झाला आणि विम्याचा दावा करायची वेळ आली, तर त्याचा त्रास तुम्हालाही होतो आणि मेहुण्यांनाही.

म्हणून आधी चिकोडीच्या आरटीओ कार्यालयात गाडीचे आरसी दाखवून कराचा नेमका आकडा काढावा. मेहुण्यांनी कोल्हापूरच्या आरटीओकडून एनओसी (ना-हरकत दाखला) घ्यावी, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवून घ्यावा आणि थकीत चलनेही भरून टाकावीत. गाडीची किंमत, कर आणि नोंदणीचा खर्च यांची बेरीज निपाणीत मिळणाऱ्या केए-२३ पासिंगच्या तशाच गाडीपेक्षा कमी येत असेल, तर गाडी अवश्य घ्या. बेरीज सारखीच येत असेल, तर इथलीच गाडी बरी.

प्रश्न : बेळगावच्या शहापूर भागात मी एकटी राहते. माझी पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची होत आली आहे, पण फक्त ५२,००० किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षांनी सरकार गाडी भंगारात काढते आणि आताचे पेट्रोल जुन्या गाडीला चालत नाही, असे शेजारी सांगतात. ती विकून टाकावी का?

उत्तर : मुळीच नाही. वयावरून गाडी बंद करण्याचे आदेश दिल्ली परिसरापुरते निघाले होते. कर्नाटकात खाजगी मोटारीला अशी बंदी नाही. पंधरा वर्षांनी तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. नोंदणी संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना २५ भरून अर्ज करावा. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये आहे, हरित कर वेगळा आणि उशीर केल्यास दरमहा ५०० रुपये जादा.

पेट्रोलबाबत शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि तुमच्या गाडीच्या काळातील रबरी नळ्या व वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. अ‍ॅव्हरेज थोडे कमी होईल, पण त्यासाठी गाडी विकण्याची गरज नाही. इंधनाच्या सर्व रबरी नळ्या आणि फिल्टर एकदा बदलून घ्यावेत. एवढी जुनी नळी किलोमीटर कमी झाले असले तरी कडक होऊन चिरतेच. गाडी महिनामहिना उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा ती दहा-बारा किलोमीटर फिरवावी. आणि गाडी लावता तिथे पेट्रोलचा वास येऊ लागला, तर ती चालू न करता मिस्त्रींना घरी बोलावून घ्यावे.