किराणा पोचवायला मुलीला अमेरिकेला पाठवलं का?

अलिबागहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत पिट्सबर्गला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करते आहे. फील्डवर्कसाठी तिने हॉस्पिटल मागितलं होतं, मिळाली स्क्विरल हिल भागातली ज्यू समाजाची सेवासंस्था. तिथे तिला वृद्धांच्या विभागात घेतलंय: घरी जाऊन चौकशी करायची, कोणाला किराणा पोचवायचा, कोणाचे फॉर्म भरून द्यायचे. आई लिहितात, ‘म्हाताऱ्या माणसांना किराणा पोचवायला आणि फॉर्म भरायला मी कर्ज काढून मुलीला पाठवलं का? त्यात ती संस्था ज्यूंची. २०१८ मध्ये त्याच भागात गोळीबार झाला होता. धर्माचा काही आग्रह होणार नाही ना? पुढे नोकरी मिळेल का? तिने प्लेसमेंट, म्हणजे फील्डवर्कची ही जागा, बदलून मागावी का?’

ताई, नमस्कार.

बदलून मागू नका. हॉस्पिटलपेक्षा चांगलं काही तिच्या वाट्याला आलंय असं मी म्हणेन. पण तुमची काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी किराण्याचं. अनोळखी म्हाताऱ्या माणसाच्या घरात ‘मी समाजकार्यकर्ती, तुमच्या अडचणी सांगा’ म्हणून शिरलं तर काय ऐकायला मिळतं? ‘माझं सगळं छान चाललंय.’ पिशवी घेऊन गेलं की मात्र दार उघडतं आणि स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. फ्रीज उघडला की तीन आठवड्यांपूर्वीचं दूध दिसतं. टेबलावर न फोडलेली पत्रं असतात, त्यात वीज तोडण्याची नोटीसही असते. औषधाच्या डबीत मंगळवारच्या गोळ्या गुरुवारीही तशाच असतात. हे सगळं पाहायचं, समोरच्याचा मान राखून विचारायचं आणि ऑफिसात येऊन नीट लिहून काढायचं, याला आमच्या विषयात ‘असेसमेंट’ म्हणतात. ते वर्गात शिकवता येत नाही. तुम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलंत. मूल दप्तर कसं ठेवतं यावरून त्याचं घर ओळखता येतं, हे मी तुम्हाला काय सांगणार!

फॉर्मचंही तसंच. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड, अन्नासाठी वेगळी योजना, हिवाळ्यात घर गरम ठेवायला आणखी वेगळी. प्रत्येकीचे नियम निराळे. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला हे झेपत नाही आणि हक्काचे पैसे तसेच पडून राहतात. शिवाय तुमच्या मुलीला तिथे एक असा कागद भेटण्याची शक्यता आहे, जो तुम्ही दर नोव्हेंबरात देता: हयातीचा दाखला. नाझींच्या छळातून वाचलेल्या ज्या माणसांना नुकसानभरपाईचं पेन्शन मिळतं, त्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तुम्ही पेन्शनसाठी बँकेत जाता तेव्हा तो निव्वळ सोपस्कार असतो. ज्या माणसाचं सगळं घर मारलं गेलं, त्याला ‘मी जिवंत आहे’ या ओळीखाली सही करायला सांगताना शेजारी कोणीतरी समजून बसणारं लागतं. तुमची लेक ते काम करणार आहे.

या वाचलेल्या माणसांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या प्लेसमेंटचं सोनं इथेच आहे. नुकसानभरपाईच्या वाटाघाटींसाठी १९५१ मध्ये ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ नावाची संस्था स्थापन झाली. घरी येऊन आंघोळ घालणं, जेवू घालणं, औषध देणं अशा मदतीसाठी ती आजही देशोदेशीच्या स्थानिक सेवासंस्थांना पैसे देते. २०२४ च्या सुरुवातीला तिने दिलेल्या आकड्यांनुसार जगात अशी सुमारे २,४५,००० माणसं उरली होती आणि त्यांचं मध्यक वय ८६ होतं. अमेरिकेत होती साधारण ३८,०००. म्हणजे ज्यांनी तेव्हा लहान मुलं म्हणून ते सोसलं, ती आता शेवटच्या टप्प्यात आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी हे काम शिकायची संधी कोणालाच मिळणार नाही.

आणि ते शिकण्यासारखं का आहे? म्हातारपणी विस्मरण सुरू झालं की जुनं वर येतं. उशीखाली पाव लपवलेला सापडतो. शॉवर लावला की काही जण घाबरून ओरडतात. गणवेशातला माणूस, रांगेत उभं राहणं, हॉस्पिटलात कपडे बदलायला लावणं, यातलं काहीही साधं राहत नाही. इंग्रजी विसरून माणूस पोलिश, रशियन किंवा यिडिश बोलायला लागतो. अशा वेळी ‘आजी हट्टी झाल्यात’ असं न लिहिता कारण शोधायचं आणि घरी येणाऱ्या मदतनीस बाईला सांगायचं, की आंघोळीआधी पाणी हाताला लावून दाखव, दार बंद करू नकोस. आघात सोसलेल्या माणसाशी कसं वागावं याची ही पद्धत पुढे कुठेही लागू पडते. पुरात घर गेलेल्या माणसालाही, मारहाण सोसलेल्या बाईलाही.

आता ‘ज्यू संस्था’ या शब्दाची भीती. ताई, तुम्ही अलिबागच्या. इस्राएल आळी तुमच्या गावात आहे. आपल्या किनाऱ्यावर हा बेने इस्राएल ज्यू समाज शतकानुशतके तेलाचा घाणा चालवत आला, शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या आजीला ‘आमच्या धर्मात या’ असं म्हटल्याचं आठवतं का? ज्यू परंपरेत इतरांना धर्मात आणण्याची खटपट करत नाहीत, आणि अशा संस्थांमध्ये काम करणारे व मदत घेणारे सगळ्या धर्मांचे असतात.

या संस्था निघाल्या कशा, हे मुलीला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. १६५४ मध्ये ब्राझीलहून पळून आलेले २३ ज्यू आजच्या न्यूयॉर्कच्या जागी उतरले, तेव्हा तिथल्या डच गव्हर्नरला ते नको होते. ती वसाहत चालवणाऱ्या डच व्यापारी कंपनीने हॉलंडहून कळवलं की राहू द्या, पण त्यांच्यातल्या गरिबांचा भार कोणावर पडता कामा नये, त्यांचं त्यांनी बघावं. समाजाने ती अट अंगवळणी पाडून घेतली. १८८१ नंतर रशियातल्या हल्ल्यांमुळे लाखो ज्यू अमेरिकेत आले, तेव्हा त्यांच्यासाठी ‘हायस’सारखी निर्वासितांना मदत करणारी संस्था उभी राहिली. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये आयरीन कॉफमन सेटलमेंट नावाचं समाजकेंद्र होतं, तिथे नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवत. पुढे ज्यू कुटुंबं स्क्विरल हिलकडे सरकली, पण मदतीचं काम त्यांच्यापुरतं उरलं नाही. पिट्सबर्गमध्ये आज भूतानहून हाकललेले नेपाळीभाषक मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांना तिथे वसवण्यात या ज्यू संस्थेचाही हात होता. हायसची माणसं म्हणतात, पूर्वी आम्ही निर्वासितांना मदत करायचो कारण ते ज्यू होते, आता करतो कारण आम्ही ज्यू आहोत.

त्यांच्याकडे मदतीला ‘त्सदाका’ म्हणतात. शब्दाचं मूळ न्याय या अर्थाच्या शब्दात आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने तिच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात वरची कोणती, तर समोरच्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. म्हणूनच या संस्थांत किराण्याच्या खोलीबरोबर नोकरीसाठी मार्गदर्शन करणारा विभागही सापडतो. मला स्वतःला ही मांडणी फार मोलाची वाटते. आपल्याकडे ‘दान’ म्हटलं की घेणाऱ्याची मान खाली जाते, आणि ती खाली जाऊ न देणं हेच समाजकार्यातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे.

सुरक्षिततेबद्दल तुमची शंका मी उडवून लावणार नाही. २७ ऑक्टोबर २०१८ ला, शनिवारी सकाळी, ट्री ऑफ लाइफ या प्रार्थनास्थळात ११ जणांना मारलं गेलं. मारेकऱ्याचा राग हायसवर होता, निर्वासितांना मदत करतात म्हणून. त्यानंतर अशा इमारतींना पहारा, बंद दारं, येणाऱ्याची तपासणी हे सगळं आलं. मुलीला सांगा, सुरक्षेचं प्रशिक्षण असेल तर चुकवायचं नाही, आणि घरभेटीला जाताना कुठे चाललोय, कधी परतणार, हे ऑफिसात नोंदवूनच निघायचं. पण हेही लक्षात घ्या, की त्या शनिवारनंतर मरण पावलेल्यांच्या घरच्यांसोबत, शाळेतल्या मुलांसोबत, झोप उडालेल्या शेजाऱ्यांसोबत बसायला समुपदेशकच लागले. ज्यांनी ते केलं, त्यांच्या शहरात ती शिकणार आहे.

तिच्या मनावरही भार येईल. आठवड्यातून एकदा सुपरव्हायजरबरोबर निवांत बसून बोलणं हा तिचा हक्क आहे. वेळ नाही म्हणून ते पुढे ढकललं जात असेल तर तिने कॉलेजला कळवावं. माझ्या एका विद्यार्थिनीचे असे दोन महिने वाया गेले होते, ती गप्प राहिली म्हणून.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. एमएसडब्ल्यूसाठी किमान ९०० तास फील्डवर्क लागतं आणि ते शिकवणारी व्यक्ती एमएसडब्ल्यू झालेली, पदवीनंतरचा दोन वर्षांचा अनुभव असलेली हवी. मुलीला विचारून खात्री करा. तिच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर काम सुरू करण्याआधी ‘सीपीटी’ची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी कॉलेजमार्फत घ्यायला हवी का, हे परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून तिने लेखी घ्यावं. प्लेसमेंट बिनपगारी असली तरी. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली तर नंतरची ‘ओपीटी’, म्हणजे पदवीनंतर काही काळ तिथे नोकरी करण्याची परवानगी, हातची जाते. समाजकार्याला इंजिनिअरिंगसारखी वाढीव ओपीटी नाही, १२ महिनेच मिळतात. म्हणून पेनसिल्व्हेनिया या तिच्या राज्याची एलएसडब्ल्यू ही समाजकार्यकर्त्यांच्या परवान्याची परीक्षा पदवी हातात पडताच द्यावी. स्वतंत्रपणे समुपदेशन करायला लागणाऱ्या एलसीएसडब्ल्यू परवान्यासाठी पुढे ३,००० तास देखरेखीखाली काम हवं, त्याला किमान दोन वर्षं जातात. त्या दोन वर्षांचा व्हिसा कसा जमेल हे पदवी मिळाल्यावर शोधत बसू नका, आताच वकिलाशी बोला. पगार सॉफ्टवेअरसारखा नसतो. समाजकार्यकर्त्यांचं मध्यक वेतन वर्षाला ६०,००० डॉलरच्या आसपास आहे, नवख्यांना त्याहून कमी. तुमच्या कर्जाचा हप्ता या आकड्यासमोर मांडून बघा.

निवड करायची वेळ आली तर वृद्धांचा विभाग सोडून निर्वासितांच्या विभागात जाऊ नये असं माझं मत. काम तेवढंच मोलाचं, पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेशच थांबवला, आणि ते काम करणाऱ्या संस्थांमधल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हातारी माणसं मात्र सगळीकडे वाढताहेत. तुमची मुलगी परत आली तरी पुण्यात, ठाण्यात, अलिबागेत तिच्यासाठी काम आहे. मुलं परदेशात आणि आईवडील एकटे, अशी घरं तुम्ही रोज पाहता. घरी जाऊन त्यांची नीट व्यवस्था लावून देणारी शिकलेली माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

रोजच्या वागण्यातल्या काही गोष्टी तिला सांगा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस. जे तो कडक पाळतात ते फोन उचलत नाहीत, म्हणून शनिवार-रविवारच्या औषधांची विचारपूस शुक्रवारी दुपारीच करायची. कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळणाऱ्या घरात मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी असतात. सोवळ्यातल्या पातेल्याला आपण विचारल्याशिवाय हात लावत नाही, तसंच तिथेही. काही सनातनी पुरुष परस्त्रीशी हात मिळवत नाहीत, त्यात अपमान नाही, हात जोडून नमस्कार केला की झालं. हे सगळं घराघरानुसार बदलतं, तेव्हा दर वेळी विचारून घ्यावं.

आणि स्वस्तिक. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय. आपल्या उंबऱ्यावर, कलशावर, लग्नाच्या पिशवीवर ते असतंच, आणि आपल्याला त्यात शुभाशिवाय काही दिसत नाही. नाझींनी स्वस्तिकासारखीच खूण उचलून झेंड्यावर लावली, आणि ज्यांनी ती बालपणी पाहिली त्यांच्या दारात तुमची मुलगी उभी राहणार आहे. तिच्या गळ्यातल्या साखळीला स्वस्तिकाचं पदक असेल, मोबाइलवर स्टिकर असेल, तर घरभेटीला जाताना काढून ठेवावं. श्रद्धा सोडायला मी सांगत नाही. आपल्या अर्थाबद्दल सहकाऱ्यांशी खुशाल बोलावं, पण नव्वदीच्या माणसाला ते समजावत बसू नये.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीला ऑफिससाठी चिवडा-चकल्यांचं पार्सल पाठवायचंय. जरूर पाठवा, सहकारी आनंदाने खातील. ज्या आजीआजोबांकडे ती जाते त्यांना मात्र घरचा फराळ देऊ नये, कोशर पाळणाऱ्यांना तो चालणार नाही आणि नाही म्हणताना त्यांनाच वाईट वाटेल. त्यांच्यासाठी न कापलेली फळं चालतील का, हे तिने आधी सुपरव्हायजरला विचारावं. आणि फराळ साध्या पिशवीत भरा, लग्नाच्या नको.

तुमची,
समुपदेशक