'राज्याचे घटक' विचारले आणि मी 288 आमदार मोजून आलो

'राज्य, शासन, सरकार, प्रशासन सगळं एकच वाटतं आणि परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय,' ही तुझी पोस्ट वाचली आणि माझं राज्यशास्त्राचं दुसरं वर्ष आठवलं. लोकशाहीचे प्रकार, सत्ताविभाजन वगैरे येत असेलच, ते सोडतो. मी प्राध्यापक नाही, त्यामुळे तुमच्या सरांचं वेगळं मत असेल तर त्यांचंच लिही.

माझा घात एकट्या 'राज्य' या शब्दाने केला. प्रश्न होता, 'राज्याचे घटक स्पष्ट करा.' डोंबिवलीच्या लोकलमध्ये पेपर वाचत वाढलेला मी, राज्य म्हटलं की महाराष्ट्र! राज्यपाल, विधानसभेचे 288, विधान परिषदेचे 78, उच्च न्यायालय... तीन पानं भरली. बाहेर वडापाव खाताना मित्राने विचारलं, 'सार्वभौमत्वावर किती लिहिलंस?' घास तोंडातच राहिला.

हवं होतं ते असं: लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था (कायदे करणारी आणि राबवणारी यंत्रणा), सार्वभौमत्व (वर कुणाचाही हुकूम नसलेली सर्वोच्च सत्ता). महाराष्ट्राकडे पहिले तीन आहेत, चौथं नाही. म्हणून या अर्थाने तो राज्य नव्हे, घटकराज्य, म्हणजे देशाचा एक भाग. तेव्हापासून 'राज्य' दिसलं की मी समासात आधी 'राज्यसंस्था' (चारही घटक असलेली) की 'घटकराज्य' ते लिहितो. राज्यघटनाही हा शब्द दोन्हीकडे वापरते. कलम 1 मधला 'राज्यांचा संघ' म्हणजे घटकराज्यांचा. कलम 12 मधलं राज्य मात्र ऐसपैस: केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं आणि स्थानिक प्राधिकरणंसुद्धा. म्हणजे मूलभूत हक्कांपुरती आपली महापालिकाही 'राज्य'च. मार्गदर्शक तत्त्वांतही हाच अर्थ धरायचा, कलम 36 तसं सांगतं.

बाकीच्या शब्दांसाठी महाराष्ट्रातला 2019 चा नोव्हेंबर आठव. 12 तारखेला राष्ट्रपती राजवट, 23 ला सकाळी मुख्यमंत्री म्हणून फडणवीसांचा शपथविधी, 26 ला राजीनामा. सरकार आलं आणि गेलं, पण पोलीस ठाणी, तहसील, सरकारी रुग्णालयं चालूच होती. ते प्रशासन. 'शासन' जरा बिलंदर आहे. पुस्तकात शासनसंस्था, पण जीआरवर (सरकारी आदेशावर) 'महाराष्ट्र शासन' असतं तिथे चक्क राज्य सरकार. कुंजीत चारही शब्द समानार्थी दिले असतील तर ती रद्दीत घाल, हे माझं ठाम मत.

पेपर माझ्या मूर्खपणाने गेला, वर्ष मात्र एका कार्यालयामुळे. नाव घेत नाही. दुसऱ्या एका उत्तराचे गुण बेरजेत धरले नाहीत असा मला संशय होता, म्हणून उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला. या खिडकीवरून त्या खिडकीवर, साहेब मीटिंगमध्ये, उद्या या. तिसऱ्या खेपेला ऐकलं, 'तुमचा अर्जच आलेला नाही आणि मुदत काल संपली.' माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आजही आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा विषयाबाहेरचं एक ऐक: असा अर्ज कधी केलास तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस, मागचे कितीही ओरडले तरी.