फितूर: गडावरचा आणि पेशीतला

प्रश्न असा आहे: 'विषाणू पेशीवर हल्ला करतो' म्हणावं की 'पेशीत शिरकाव करतो'?

'हल्ला' कृपा करून नको. बातम्यांत रोज ऐकून कान किटले. हल्ला करणारा दार फोडतो. फ्लूचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करेला चिकटतो आणि पेशीच त्याला आपल्या आवरणात गुंडाळून आत घेते. आत त्या पिशवीत आम्ल वाढतं. ही खरं तर आत घेतलेलं पचवायची सोय, पण त्याच आम्लाने विषाणूच्या अंगावरचा प्रथिनाचा काटा उलगडतो आणि त्याचा ऐवज, म्हणजे जनुकं, पेशीत मोकळा होतो. 'शिरकाव' चालेल; पण शिरकाव पावसाच्या पाण्याचाही होतो.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, फितूर. आज तो कोर्टाच्या बातम्यांत 'साक्षीदार फितूर' एवढ्यापुरता उरलाय. मूळ अरबी 'फुतूर', म्हणजे शैथिल्य, ढिलेपणा. त्याच धातूतला 'फातिर' म्हणजे कोमट! फारसीतून येताना त्याला बखेड्याची छटा लागली आणि मराठीत तो गड पाडणारा दगा झाला. माझं मत असं, की मराठीतला हा अर्थ पहाऱ्यावरच घडला असणार: आधी पहारा कोमट होतो, मग दिंडी दरवाजा उघडतो.

'फितणे' हे देशी क्रियापद आधीचं आणि 'फितूर' त्यावरून आला, असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी 'खर्चणे' बघावं, 'कबूलणे' बघावं. नाम बाहेरून आलं, क्रियापद आपण पाडलं. आणि अरबी म्हणून ज्यांना हा शब्दच नको, 'भेद' पुरे वाटतो, ते अर्थाला मुकतात. भेद ही बाहेरच्याची नीती. आतली ढिलाई त्यात येत नाही.

ती ढिलाई क्षयात बघा. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ज्या जिवाणूची ओळख जगाला करून दिली, त्याला फुप्फुसातली भक्षक पेशी गिळते. तिचं कामच ते. गिळलेला जिवाणू ज्या पिशवीत असतो, तिला पाचक रसांची पिशवी येऊन मिळायला हवी. जिवाणू हे मिळणंच अडवतो. पिशवी पुरेशी आम्ल होत नाही आणि तो पहारेकऱ्याच्याच पोटात मुक्काम ठोकतो, कधी कधी वर्षानुवर्षं. पहारेकरी जिवंत आहे, जागेवर आहे, फक्त ढिला पडलाय. अरबी अर्थ जसाच्या तसा!

साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू तर सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं आतड्याच्या पेशीत सोडतो. एरवी जिवाणू न गिळणाऱ्या त्या पेशीचं आवरण लाटेसारखं उसळतं आणि त्याला आत ओढून घेतं.

तेव्हा बिनदिक्कत लिहा: जिवाणूने पेशी फितवली.