सिंगापूरहून मलाक्का, पहिल्यांदाच? मग एवढं बघा

लाँग वीकेंडला बसने मलेशियातलं मलाक्का हा बेत छान आहे. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर, पण खरा वेळ रस्त्यात नाही, सीमेवर जातो. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी निघू नका. सगळं सिंगापूर तेव्हाच निघतं. पहाटेची बस घ्या आणि परतताना शेवटच्या दिवशी संध्याकाळची टाळा.

भारतीय पासपोर्ट असेल तर मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड (प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) निघण्याआधीच्या तीन दिवसांत भरा. फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बॅग बसमध्ये ठेवून उतरणं. सीमेच्या दोन्ही बाजूंना तपासणीसाठी उतरायचं असतं, मलेशियाच्या कस्टम्सला बॅग लागतेच.
- बसचा नंबर न बघणं. बाहेर एकाच रंगाच्या दहा बस उभ्या असतात. नंबरप्लेटचा फोटो काढा. माझी बस पहिल्या खेपेला मला सोडून गेली होती, कारण मी रांगेआधी टॉयलेट शोधत बसलो. रांग आधी!
- रिंगिट (मलेशियाचं चलन) अजिबात न घेणं. थोडे सुटे हवेतच, मलाक्का सेंट्रल या बस स्थानकाहून जुन्या शहरातल्या डच स्क्वेअरला जाणाऱ्या सिटी बससाठी.

जाँकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवारच भरतो, तेव्हा मुक्काम त्याच्या आसपास बघा. क्वालालंपूर याच फेरीत कोंबू नका. आणि हो, डब्यात थेपले, नाहीतर दशम्या असू द्या. रांगेत दोन तास गेले की आठवण काढाल.