हॅटशेप्सुट शांतताप्रिय आणि थुटमोस तिसरा लढवय्या, हे कितपत खरं?

प्राचीन इजिप्तच्या या दोन राज्यकर्त्यांबद्दल, राणी हॅटशेप्सुट आणि तिचा सावत्र मुलगा थुटमोस तिसरा यांच्याबद्दल, असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं. हॅटशेप्सुटच्या काळातही इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियावर सैन्य गेलं होतं. दोघांच्या कारभारातला खरा फरक पडला तो त्यांच्यापुढच्या अडचणी वेगळ्या होत्या म्हणून.

हॅटशेप्सुटचा नवरा वारला तेव्हा गादीवर आला सवतीचा लहानगा मुलगा, म्हणजे हाच थुटमोस. ती आधी त्याच्या वतीने कारभार पाहत होती. त्याच्या राज्याच्या सातव्या वर्षापर्यंत तिने फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, पदव्या स्वतःच घेतल्या. मुलाला मात्र तिने पदच्युत केलं नाही, वर्षंही त्याच्याच राज्यारोहणापासून मोजली जात राहिली. साहजिकच आपला हक्क तिला सतत पटवून द्यावा लागे. दैर अल-बहरीच्या मंदिरात तिने आपला जन्म खुद्द अमून देवापासून झाल्याचं कोरून घेतलं. नवव्या वर्षी दूरच्या पुंट देशाला जहाजं पाठवून गंधरसाची जिवंत झाडं मुळांसकट आणवली, तीही अमूनसाठी. कर्नाकच्या मंदिरात आजही उभा असलेला तिचा ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून घडवलेला उंच स्तंभ, साधारण २९.५ मीटर उंच आणि तीनशे टनांहून जड आहे. अस्वानच्या खाणीतलं काम सात महिन्यांत उरकल्याचं ती त्याच्यावरच नोंदवते. पुरोहित आणि अधिकारी आपल्या बाजूला राहावेत, याची ही सगळी तजवीज होती.

हॅटशेप्सुटनंतर थुटमोसच्या हाती एकट्याची सत्ता आली इ.स.पू. १४५८ च्या सुमारास, आणि लगेच कनानी राजे (आजच्या इस्रायल आणि आसपासच्या भागातले) मेगिद्दो या तटबंदीच्या शहरात एकवटले. तिथे जायला तीन वाटा होत्या. त्यातल्या अरुनाच्या अरुंद खिंडीत घोड्यामागे घोडा असं एकेरी रांगेत जावं लागेल, पुढची तुकडी लढत असताना मागची अडकून पडेल, असं सरदारांनी बजावलं. त्यांचा मुद्दा रास्त होता. तरीही त्याने तीच वाट धरली आणि स्वतः पुढे चालला; शत्रू दुसऱ्या वाटांवर टपून बसला होता. मैदान मारलं, पण सैनिक छावणी लुटत बसले. तेवढ्यात पळणाऱ्यांना किल्ल्यातल्या लोकांनी कपड्यांना धरून तटावर ओढून घेतलं. त्या बेशिस्तीपायी सात महिने वेढा घालावा लागला. शेवटी ९२४ रथ हाती आले.

मला त्याचं मोठेपण दिसतं ते यानंतरच्या बंदोबस्तात. हरलेल्या राजांकडून त्याने शपथा घेतल्या, त्यांचे घोडे ठेवून घेतले आणि त्यांना गाढवांवर बसवून घरी धाडलं. पुढच्या मोहिमांत त्यांची मुलं इजिप्तला नेली. बाप मेला की तिथे वाढलेला मुलगा गादीवर बसवायचा. किनाऱ्यावरच्या बंदरांत रसदही आधीच भरून ठेवली जाई. सुमारे वीस वर्षांत सतरा मोहिमा निघाल्या, त्या अशा तयारीवर.

हॅटशेप्सुटची नावं त्याने सूडापोटी खोडली, असंही वाचायला मिळेल. पण ती खोडाखोड सुरू झाली तिच्या मृत्यूनंतर जवळपास वीस वर्षांनी. सूड इतका थांबत नाही; मुलगा अमेनहोटेप दुसरा याचा वारसा निर्वेध व्हावा, हे कारण मला जास्त पटतं.